पाच हेक्टर म्हणजे किती

आमच्या गोटुलात, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरात, दारामागच्या खुंटीला एक अंबाडीचा दोर टांगलेला आहे. लांबी ५६ मीटर, मधे मधे लाल चिंधीच्या गाठी. हा दोर चारदा लांबवला की एक बाजू होते, आणि अशा चार बाजूंनी चौकोन मिटवला की आत जवळजवळ पाच हेक्टर जमीन येते. मे २०२३ मध्ये वळलेला हा दोर गेल्या आठवड्यात पुन्हा खाली उतरवला, म्हणून लिहायला बसले आहे.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातली. गावाचं नाव लिहीत नाही. ग्रामसभेला विचारल्याशिवाय गावाच्या नावानं काही छापायचं नाही असा आमचा ठराव आहे, आणि हे लिखाण माझं एकटीचं आहे. त्रेसष्ट घरं, बहुतेक गोंड, चार ढिवरांची. २०१९ पासून मी ग्रामसभेची सचिव आहे. ठराव लिहायचे, वाहतूक परवान्यांची नोंद ठेवायची, आणि सरकारी कागद आला की तो मोठ्यानं वाचून त्याचा अर्थ गोंडीत सांगायचा, हे माझं काम.

या कामाची ओढ लागली ती लेखा-मेंढ्यामुळे. ते गाव आमच्याच तालुक्यातलं. २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणजे ते जंगल सांभाळायचा आणि वापरायचा साऱ्या गावाचा हक्क. हक्क मिळाला, पण बांबू विकायचा तर वाहतूक परवाना कोणी द्यायचा यावर वाद अडून राहिला. २७ एप्रिल २०११ ला तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्यात आले आणि परवाना द्यायचा अधिकार ग्रामसभेच्या, म्हणजे गावाचे पुढारी देवाजी तोफा यांच्या हाती आला. मी बाबांच्या सायकलवर मागे बसून गेले होते. नुकतीच बारावीची परीक्षा दिली होती. गर्दीत मला काहीच दिसलं नाही, पण परतताना बाबा रस्ताभर बोलले नाहीत आणि गावच्या शिवेवर सायकल उभी करून म्हणाले, "आपनही दावा टाकू." पुढच्या वर्षी आमचा दावा मंजूर झाला. पुरावा म्हणून काय जोडलं होतं? जुनं निस्तार पत्रक (गावाच्या जंगल वापराच्या हक्कांची सरकारी नोंद), म्हाताऱ्या माणसांचे जबाब आणि मेलेल्यांच्या नावाने उभे केलेले दगड. सातशेच्या आसपास हेक्टर. त्या कागदाला गावात अजूनही 'पट्टा' म्हणत नाहीत, 'जंगलाचा कागद' म्हणतात.

आता मे २०२३ कडे येते.

मे म्हणजे आमच्याकडे तेंदू, विडीचं पान. रात्रीच्या तीनला उठून, शिदोरी बांधून, कंदील नाहीतर मोबाईलच्या उजेडात जंगलात. दहा-अकरापर्यंत पानं तोडायची, दुपारी घरी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडके बांधायचे, आणि सूर्य कलला की फळीवर, म्हणजे पानं गोळा करायच्या जागी, नेऊन मोजून द्यायचे. अंगणवाडीतल्या पोरापासून दात पडलेल्या म्हातारीपर्यंत कोणी रिकामं नसतं. पावसाळ्याचं मीठ-तेल, शाळेची वह्या-पुस्तकं, लग्नाचं उधार, सगळं या दोन-तीन आठवड्यांवर चालतं. त्याच दिवसांत माझ्या फोनवर एक पीडीएफ आली. गावात टॉवर नाही. मट्ट्यावर, म्हणजे आमच्या डोंगरीवर, एका वाकड्या मोहाखाली दोन काड्या येतात, तिथे बसून ती उतरवून घेतली.

वन (संरक्षण) सुधारणा विधेयक, २०२३. २९ मार्चला लोकसभेत मांडलं गेलं होतं आणि संसदेच्या संयुक्त समितीकडे गेलं होतं. समितीनं मेच्या सुरुवातीला लोकांकडून निवेदनं मागवली होती. मुदत पंधरा दिवस. भाषा हिंदी किंवा इंग्रजी.

मला राग आला तो आधी या मुदतीचा. जंगलावर जगणाऱ्या माणसाचं मत जंगलाच्या कायद्यावर हवं असेल, तर ते तेंदूच्या पंधरवड्यात कसं मागतात? महिना जून असता, पहिल्या पावसाआधीचा रिकामा आठवडा असता, तर गावोगावच्या ग्रामसभा बसल्या असत्या. हे कोणी मुद्दाम केलं असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या कॅलेंडरात तेंदू नाही एवढंच मला दिसलं, आणि तेवढंही मला पुरेसं जड वाटलं.

तीन रात्री मी ते विधेयक वाचलं. १९८० चा मूळ कायदा असा की जंगलाची जमीन दुसऱ्या कामाला द्यायची तर आधी केंद्र सरकारची मंजुरी हवी. विधेयक त्यातून काही जमिनी वगळत होतं. सीमेपासून शंभर किलोमीटरच्या आतले काही प्रकल्प, रस्ता आणि रेल्वेच्या कडेचे छोटे तुकडे, सुरक्षेच्या बांधकामांना दहा हेक्टरपर्यंत. हे सगळं आमच्यापासून लांबचं. मग एक ओळ आली आणि तिथे मी थांबले. डाव्या उग्रवादानं, म्हणजे नक्षलवादानं, प्रभावित अशा अधिसूचित भागात संरक्षणाचे प्रकल्प, निमलष्करी दलांचे कॅम्प किंवा सार्वजनिक उपयोगितेचे प्रकल्प, पाच हेक्टरपर्यंत. नकाशात असा भाग शोधायला मला लांब जावं लागणार नव्हतं. मी त्यातच बसले होते.

ग्रामसभा रात्री नऊला बसली. फळीवरून आलेली माणसं, हातांना तेंदूचा चिकट काळा रंग तसाच. अर्धे भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. मी वाचत गेले, गोंडीत सांगत गेले. 'अधिसूचित' सांगितलं, 'उपयोगिता' सांगितलं, 'पूर्वमंजुरी' सांगितलं. हेक्टरला मात्र शब्द सापडेना. आमच्याकडे जमीन बियाण्यानं मोजतात. अमुक कुडवांची बांधी (बांध घातलेलं धानाचं शेत), खंडीभराची बांधी. जंगल तर मोजतच नाहीत, त्याला नावं असतात. या झाडापासून त्या नाल्यापर्यंतचं एक नाव, पुढच्या खडकापर्यंतचं दुसरं.

काको, माझ्या आईची आई, पुढेच बसली होती. तिनं विचारलं, "पाच हेक्टर म्हंजे केवढं?"

मी म्हटलं, साडेबारा एकराला थोडं कमी.

"एकर नोको सांगू. कुठून कुठवर?"

मला सांगता आलं नाही. मीही ते कधी पायानं पाहिलं नव्हतं. पदवी घेतली, हेक्टरचे एकर करायला शिकले, दाव्याचे कागद भरले, पण माझ्याच जंगलात पाच हेक्टर कुठून सुरू होऊन कुठे संपतात हे मला ठाऊक नव्हतं. त्या रात्री ठरलं की दोर वळायचा आणि मोजायचं.

दोर दोन दिवसांत झाला. मोजायला निघालो तेव्हा दुपारचे चार वाजले होते, नऊ जण होतो, फोनवर जीपीएस होतं, तरी काकोचा भरवसा दोरावरच. आणि तिथे पहिली अडचण आली जी मी कल्पिली नव्हती. चौकोन मांडायचा कुठे? कोणीच जागा सांगेना. एकानं हात केला तिकडे दुसऱ्याची मोहाची झाडं होती, तो म्हणाला इकडे नको. दुसऱ्यानं दाखवलेल्या ठिकाणी तिसऱ्याच्या बापाचा दगड उभा. खोटा चौकोन होता, दोरानं आखून तासाभरानं गुंडाळून न्यायचा होता, तरी तो आपल्या बाजूला पडू नये म्हणून माणसं खरोखर घाबरली होती. अर्धा तास आम्ही पायवाटेवरच उभे होतो.

शेवटी आमच्यातला सगळ्यात तरुण पोरगा म्हणाला, "ते जागा पाहतीन ना, तर रस्त्याजवळची पाहतीन. सपाट पाहतीन. पानी जवळ पाहतीन." त्याचं म्हणणं सगळ्यांना पटलं. रस्त्यापासून दीडशे पावलांवर, बोडीच्या, म्हणजे लहान तळ्याच्या, वरच्या अंगाला, आम्ही पहिली खुंटी ठोकली.

आत काय आलं ते मी वहीत लिहिलं आहे, तसंच उतरवते. मोहाची ३८ झाडं, त्यांतली ३१ फुलणारी. आमच्याकडे जंगलातल्या मोहालाही घर ठरलेलं असतं, कागद नसतो पण कोणाचं झाड कोण वेचतं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ती ३८ झाडं चौदा घरांची निघाली. चाराची, म्हणजे चारोळीची, २२ झाडं. तेंदूची झुडपं मोजली नाहीत, मोजता येण्यासारखी नव्हती. बांबूचे सात बेट. पहिल्या पावसानंतर सात्या (खायच्या अळंब्या) उगवतात ती वारुळं, बायांनी बोट दाखवून सांगितलेली, अकरा. शेजारच्या गावाला जायची पायवाट चौकोनाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात जात होती. बोडीत येणारा ओहोळ मधून. आणि एका सागाखाली पाच दगड, त्यांतले दोन इतके जुने की कोणाचे ते फक्त काकोला सांगता आलं.

त्यातला एक तिच्या सासऱ्याच्या बापाचा होता. ती त्याच्याजवळ बसली, पदरानं दगड पुसला आणि म्हणाली, "आता समजलं पाच हेक्टर."

ते सातशेतले पाच होते. आकड्यात पाहिलं तर शंभरात एकही भरत नाही. माझी भीती तीच होती की विधेयक लिहिणाऱ्यालाही ते तेवढंच दिसलं असेल.

परतल्यावर जी ग्रामसभा झाली ती सोपी नव्हती, आणि ती मी इथे लपवणार नाही. तोच तरुण पोरगा उभा राहिला. म्हणाला, टॉवर नको का आपल्याला? दवाखाना नको का? त्याच्या वहिनीला २०२१ च्या पावसाळ्यात खाटेवर घालून चौघांनी पुराच्या नाल्यातून नेलं होतं. मूल वाचलं नाही. तो बोलत असताना त्याची वहिनी भिंतीशी बसलेली होती. कोणी काही बोललं नाही बराच वेळ.

मला उत्तर द्यायचं होतं आणि शब्द जुळत नव्हते. मग मी अंगणवाडीची गोष्ट काढली. वनहक्क कायद्यात, २००६ च्या, एक तरतूद आहे. शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेची तार, पिण्याचं पाणी, रस्ता, अशा तेरा कामांना जंगलाची जमीन देता येते. दर कामाला एक हेक्टरच्या आत, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस हवी. आमची अंगणवाडी २०१८ मध्ये अशीच उभी राहिली. ग्रामसभेनं जागा दाखवली, कोणाचं झाड जातं ते आधी बोलून घेतलं, ज्याचं एक झाड गेलं त्याला गावानं दुसरं झाड वेचायला दिलं. म्हणजे रस्ता नको, दवाखाना नको असं आमच्या ग्रामसभेनं कधी म्हटलंच नव्हतं. मी त्याला म्हटलं, "दादा, टॉवर पायजेच. पन कुठं, हे आपल्याले विचारून पायजे." तो बसला. त्याचं पूर्ण समाधान झालं नाही, हे मला दिसलं. आजही तो प्रश्न त्याचा आहे आणि तो रास्त आहे.

विचारून, या एका शब्दावर आमचं सगळं निवेदन उभं राहिलं. सरकारचं म्हणणं होतं की या सुधारणेनं वनहक्क कायद्याला धक्का लागत नाही, तो जागेवरच आहे. कागदावर तो जागेवर होता. पण ग्रामसभेला विचारायचं ते कोणत्या पायरीवर, हे ३ ऑगस्ट २००९ च्या पर्यावरण मंत्रालयाच्या परिपत्रकानं ठरलं होतं. जमीन वळवायचा प्रस्ताव पाठवताना वनहक्कांची प्रक्रिया पुरी झाल्याचं आणि ग्रामसभेच्या संमतीचं पत्र जोडा, असं ते सांगत होतं. २०२२ च्या वन (संरक्षण) नियमांनी ही तपासणी केंद्राच्या मंजुरीनंतर राज्यावर सोपवली. आता पाच हेक्टरांसाठी मंजुरीचा प्रस्तावच लागणार नसेल, तर संमतीचं पत्र जोडायचं कशाला? दार भिंतीतच राहील, फक्त कोणी त्या वाटेनं येणार नाही.

त्या दारानं काय होऊ शकतं ते देशानं पाहिलेलं होतं. ओडिशातल्या नियमगिरीत सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर २०१३ मध्ये बारा ग्रामसभा बसल्या आणि बाराही ग्रामसभांनी बॉक्साइटच्या खाणीला नाही म्हटलं. डोंगर राहिला.

"लिहून का होते?" असं विचारणारेही होतेच. त्यांना मी २०१९ ची आठवण दिली. त्या मार्चमध्ये भारतीय वन अधिनियमाचा नवा मसुदा आला होता, त्यात वनअधिकाऱ्यांना शस्त्र वापरायचे अधिकार आणि कारवाईपासून संरक्षण होतं. देशभर विरोध झाला, आणि नोव्हेंबरमध्ये केंद्रानं तो मागे घेतला.

आणखी एक गोष्ट मी सांगितली, ती नागपूरच्या एका शिबिरात ऐकलेली. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला अर्नहेम लँड म्हणून मुलूख आहे, तिथे योलंगू आदिवासी राहतात. १९६३ मध्ये त्यांच्या राखीव जमिनीतला तीनशे चौरस किलोमीटरहून मोठा तुकडा बॉक्साइटसाठी काढून घेतला गेला, त्यांना न विचारता. यिरकला गावच्या लोकांनी कॅनबेराच्या संसदेला अर्ज पाठवले. टंकलेला कागद झाडाच्या सालीवर चिकटवला, भोवती आपापल्या कुळांची चित्रं रंगवली. मजकूर त्यांच्या स्वतःच्या भाषेत आणि इंग्रजीतही. सह्यांवर शंका घेतली गेली, तर वडीलधाऱ्यांच्या अंगठ्यांचा आणखी एक अर्ज गेला. संसदेनं समिती नेमली, तिनं भरपाई सुचवली, खाण मात्र थांबली नाही. लोक कोर्टात गेले आणि १९७१ मध्ये हरले. मग १९७६ मध्ये त्याच संसदेनं उत्तर भागातल्या आदिवासींच्या जमीन हक्काचा कायदा केला. त्या सालीच्या अर्जाला तेरा वर्षं होत आली होती.

काकोला खाणीपेक्षा सालीत जास्त रस होता. कोणत्या झाडाची साल, ती कशी वाळवतात, रंग कशाचा. मग तिनं विचारलं, "त्यायनं आपल्या बोलीत लिवलं?" हो म्हटल्यावर ती म्हणाली, "मंग आपनही लिवू."

तसं केलं. हिंदीत चार पानं लिहिली, कारण समितीला हिंदी चालत होती. त्याला मराठी जोडलं आणि गोंडीतलं एक पान, देवनागरीत. गोंडीतलं पान काकोनं सांगितलं आणि मी उतरवलं. त्यात कलमं नव्हती. चौकोनाच्या चार खुंट्या कुठे होत्या, आत कोणाची झाडं, कोणाचे दगड, ओहोळ कुठून येऊन कुठे जातो, एवढंच. शेवटी एक वाक्य, की हे सगळं वाचल्यावर यातलं काय वगळायचं ते आम्हाला सांगा. एकशे सोळा माणसांच्या सह्या आणि अंगठे झाले. अंगठ्यांची शाई तेंदूच्या काळेपणावर नीट उठत नव्हती, म्हणून म्हाताऱ्यांचे हात मी आधी राखेनं घासून धुतले. मुदत संपायच्या आदल्या दिवशी धानोऱ्याला कॉम्प्युटरच्या दुकानात स्कॅन करून ईमेल केला, मूळ कागद स्पीड पोस्टानं.

समितीनं बहुमतानं विधेयक जसंच्या तसं ठेवलं, काही सदस्यांनी असहमतीच्या टिपा जोडल्या. २६ जुलैला लोकसभेत मंजूर झालं. आम्ही त्या दिवशी रोवणीत होतो, गुडघाभर चिखलात, वर पाऊस. मला रात्री कळलं. २ ऑगस्टला राज्यसभेत झालं, ४ तारखेला राष्ट्रपतींची सही. १ डिसेंबरपासून कायदा लागू, नावही नवं, वन (संरक्षण एवं संवर्धन) अधिनियम. त्यानंतर जंगल म्हणजे काय यावरून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि फेब्रुवारी २०२४ च्या अंतरिम आदेशानं १९९६ च्या निकालातली जंगलाची व्यापक व्याख्या तोवर पाळायला सांगितली. पाच हेक्टरांची ओळ आहे तिथेच आहे.

गावात मी हे सांगितलं तेव्हा मला वाटलं होतं लोक म्हणतील, झालं ना, तेंदूचा एक दिवस वाया गेला. तसं कोणी म्हटलं नाही. त्या चौकोनाची वही मधल्या काळात वाढत गेली होती. बायांनी आपण होऊन दुसरा चौकोन मोजला होता, वास्ते (बांबूचे कोवळे कोंब) काढतात त्या बाजूला. मग तिसरा. आता वहीत एकोणीस चौकोन आहेत. सामूहिक वनाचा व्यवस्थापन आराखडा लिहायला आम्ही बसलो तेव्हा तीच वही मधे होती. कुठे आग लागते, कुठे मोहाची नवी रोपं नाहीत, कुठे बांबू फुलून वाळला, सगळं त्यात. बाहेरचा माणूस विचारतो तुमच्या जंगलात काय आहे, तेव्हा आम्ही जंगल म्हणून हात फिरवत नाही, पान उघडतो.

आता गेल्या आठवड्याची गोष्ट.

सप्टेंबर २०२५ मध्ये महसूलमंत्र्यांनी जाहीर केलं की आदिवासी शेतकऱ्याला आपली जमीन खासगी माणसाला किंवा कंपनीला थेट भाडेपट्ट्यानं देता यावी म्हणून कायदा आणणार. मंत्रालयापर्यंत फेऱ्या नकोत, निर्णय जिल्हाधिकारी पातळीवर होईल. भाडं एकरी वर्षाला किमान ५०,००० रुपये. आज महाराष्ट्र जमीन महसूल संहितेची कलमं ३६ आणि ३६अ आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीच्या हाती सहजी जाऊ देत नाहीत. ती कलमं आमच्या दृष्टीनं कुंपण आहेत, आणि सरकारच्या बोलण्यात आता ती अडचण झाली आहेत.

पन्नास हजार हा लहान आकडा नाही. आमच्या पावसावरच्या धानात एकराला खर्च जाऊन तेवढे हातात राहत नाहीत. गोटुलात आकडा सांगितला तेव्हा दोघा-तिघांचे डोळे चमकले, आणि का चमकू नयेत? ज्याच्या घरी दोन पोरी कॉलेजला आहेत त्यानं काय करावं? मला त्यांना दोष देता येत नाही.

पण मला माझ्या दादोची, बाबांच्या बापाची बांधी आठवते. ती अकरा वर्षं गावाबाहेरच्या एका दुकानदारानं केली. विकली नव्हती, कागदावर दादोचंच नाव. मीठ, कापड आणि एका लग्नाचं धान, एवढ्या उधारीपोटी 'दोन सालं करतो आन सोडतो' असं बोलणं झालं होतं. दोन सालं झाली तेव्हा व्याज झालं होतं. दादो स्वतःच्याच बांधीत मजुरीनं रोवणीला जायचा. १९७४ मध्ये आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत करायचा कायदा झाला, आणि त्याच्या आधारानं पुढे काही वर्षांनी बांधी घरी आली. बाबा सांगतात, पहिल्या दिवशी दादोनं त्यात औत घातलंच नाही, नुसता बांधावरून फिरत राहिला. आज आमच्या घरचा तांदूळ त्याच बांधीतला आहे. भाडेपट्टा हा शब्द मी ऐकते तेव्हा ते अकरा वर्षांचं 'दोन सालं' ऐकते. ज्याला वाचता येत नाही आणि ज्याच्या हातात वकील आहे, त्या दोघांमधल्या कराराला दोघांची राजीखुशी म्हणायला माझी जीभ वळत नाही.

ग्रामसभेत हे मी एवढं बोलले नाही. बाबाच बोलले, आणि थोडक्यात बोलले. त्यानंतर सायकल दुरुस्ती करणारा आमचा दादा, ज्याचे डोळे मघा चमकले होते, त्यानं विचारलं की भाड्यानं दिलेल्या बांधीतून पाणी खालच्या बांधीत सोडायचं की नाही हे कोण ठरवणार? मुरूम काढला तर ती बांधी परत बांधी होईल का? खालच्या चार घरांची शेती त्याच पाण्यावर आहे. मला ते सुचलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

मग काकोनं खुंटीकडे बोट दाखवलं.

दोर एकरासाठी लांब पडतो. आम्ही त्याला ३२ मीटरवर पिवळी गाठ मारली, दोनदा लांबवला की एकराची एक बाजू. येत्या रविवारी, कापणी लागायच्या आधी, रस्त्याकडेच्या बांध्यांपासून सुरुवात आहे. कोणाची बांधी, पाणी कुठून येतं, कुठे जातं, बांधावर कोणती झाडं, पडीक असेल तर तिथे गुरं कोणाची चरतात. तालुक्यातल्या आणखी सहा ग्रामसभांना निरोप गेला आहे, त्यांतल्या दोघी आपला दोर वळत आहेत. निवेदन या खेपेला आधी गोंडीत लिहायचं ठरलं आहे, मराठी नंतर. काको सांगणार आहे. तिला नीट दिसत नाही आता, म्हणून मी मोठ्या ओळींची वही आणली आहे, लिहिलेलं तिच्या बोटानं तिला चाचपता यावं एवढी.